मोरपंखीतली पिवळी झाक

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात प्रतिक्षा कामाला लागली, त्या दिवशी तिला आधी परत आलेली पार्सलं दाखवली गेली. माडीवरच्या खोलीत ती भिंतीशी रचून ठेवली होती. मालकीण राजेश्वरीताईंनी वरचं एक फोडलं, चादर पलंगावर पसरली आणि मोबाइलवर त्याच चादरीचा फोटो उघडला. पलंगावरची चादर राणी रंगाची होती. मोबाइलवरची विटकरीकडे झुकलेली.

"माल चांगलाय," ताई म्हणाल्या. "सूत चांगलं, वीण चांगली. तरी लोक लिहितात, रंग वेगळा आला. आता तूच सांग, चुकतंय कोण? चादर का फोटो?"

"फोटो," प्रतिक्षा म्हणाली.

"मग तेवढं नीट कर."

प्रतिक्षा मोडनिंबची. वडील जालिंदर तिथे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर कामाला. बी.ए. झाल्यावर कुर्डुवाडीच्या एका स्टुडिओत तिने तीन वर्षं लग्नाचे अल्बम केले होते. तिथे रंग सुधारणं म्हणजे माणसं गोरी करणं. नवरी सावळी असली की स्टुडिओवाला तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा, अजून थोडं उजळ कर. प्रतिक्षा स्वतः सावळी होती आणि तिच्याकडे बघत बघतच तो हे सांगायचा. एकदा एका नवरीची आई अल्बम चाळून हसत म्हणाली, "छान झालाय, पण ही आमची पोरगी वाटत न्हाय." ते वाक्य प्रतिक्षाच्या डोक्यातून गेलं नाही. चादरी गोऱ्या करायला कुणी सांगणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिने सोलापूरची नोकरी धरली.

फोटो का बिघडतात ते तिला खोलीत उभं राहिल्यावरच कळलं. भिंती पिस्ता रंगाच्या. खिडकीसमोर शेजारच्या यंत्रमागांच्या शेडवर निळा पत्रा, आणि त्यावर पडलेलं ऊन उसळून सरळ आत येणारं. वर ट्यूबलाइट. चादर अंथरली की तिची एक बाजू हिरवट दिसायची, दुसरी निळसर. आधीचे फोटो कुणीतरी दिवसातल्या मिळेल त्या वेळेला मोबाइलवर काढले होते, त्यामुळे प्रत्येकात वेगळीच झाक आली होती.

तिने भिंती पांढऱ्या करून घेतल्या, खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला, ट्यूब बंद ठेवायची ठरवली आणि फोटो फक्त सकाळी दहा ते बारात काढायचे असा नेम केला. एवढं करूनही जी झाक उरायची ती सॉफ्टवेअरमध्ये काढायची. जवळजवळ प्रत्येक चादरीत पांढऱ्या सुताची एक पट्टी असायची. स्क्रीनवरचा ड्रॉपर त्या पट्टीवर टेकवायचा. हे पांढरं आहे, असं एकदा सॉफ्टवेअरला सांगितलं की ते बाकीचे सगळे रंग त्या मानाने जागेवर आणायचं. मग दोन स्लाइडर, एक निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा, दुसरा हिरव्याकडून गुलाबीकडे. चादर मांडीवर घेऊन, एकदा तिच्याकडे आणि एकदा स्क्रीनकडे बघत ती ते केसाएवढे सरकवायची. दोन महिन्यांत परत येणारी पार्सलं जवळजवळ थांबली.

"मामांना दाखवलेस का फोटो?" एक दिवस ताईंनी विचारलं. "रंगाचं त्यांना दाखवल्याशिवाय इथं काही पुढं जात नाही."

मामा म्हणजे शंकरप्पा. वय बासष्ट. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे. ताईंच्या सासऱ्यांच्या काळापासून, चाळीस वर्षं, या कारखान्याचं सूत तेच पांढरं करत आणि रंगवत होते. मागच्या अंगणात त्यांचा रंगखाना. डाय, म्हणजे रंगाची पूड, काट्यावर तोलून घेत, पण शेवट डोळ्यावर. सुताची लडी पिळून उन्हात धरायची, मान जरा तिरकी करायची, आणि मग चिमटीने काय घालायचं ते घालायचं. गावातले दुसरे कारखानेवालेसुद्धा कधीकधी नमुना घेऊन त्यांच्याकडे येत.

प्रतिक्षा लॅपटॉप घेऊन खाली गेली. एका चादरीचे दोन फोटो तिने शेजारी शेजारी लावले होते.

"मामा, हा जसा निघाला तसा. आणि हा मी नीट केलेला."

शंकरप्पांनी हात धोतराला पुसले, वाकून पाहिलं.

"दोन्ही एकच की."

"नाही मामा, हा बघा ना. सगळा निळा पडलाय."

"मला तर एकच दिसतंय. पन बरं हाय. लई बारीक काम करतीस." ते परत लड्यांकडे वळले.

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. तरी प्रतिक्षाला ते लागलं. दोन महिने जे काम केलं ते या माणसाला पोरखेळ वाटतं, असं तिने धरलं आणि पुन्हा लॅपटॉप खाली नेला नाही.

दिवाळी झाल्यावर मोरपंखी चादरींचा नवा माल वर आला. मोरपंखी सगळ्यात जास्त खपायची. प्रतिक्षाने नेहमीसारखा फोटो काढला, ड्रॉपर पांढऱ्या पट्टीवर टेकवला, आणि अख्खा फोटो निळा झाला. धुणं निळीत बुडवून काढावं तसा. तिने पडदा तपासला, कॅमेऱ्याची सेटिंग पाहिली, दुसरी चादर घेतली, तिसरी घेतली. दर वेळी तेच.

शेवटी तिने एक राखाडी कार्ड आणलं. फोटोवाले ते वापरतात. त्याला कुठलीच झाक नसते, म्हणून ड्रॉपर त्यावर टेकवला तर फसायला होत नाही. चादरीवर कार्ड ठेवून फोटो काढला तेव्हा रंग जागेवर आले, पण पट्टी पांढरी दिसेना. ती साईसारखी पिवळट दिसत होती. प्रतिक्षाने वहीचं कोरं पान फाडलं आणि खऱ्या चादरीवर ठेवलं. पट्टी खरंच क्रीम होती. सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. क्रीम सुतावर बोट ठेवून तिनेच त्याला हे पांढरं आहे म्हणून सांगितलं होतं.

मग तिने कपाटातली उन्हाळ्यातली, एकदा धुऊन ठेवलेली मोरपंखी चादर काढून नव्या चादरीशेजारी अंथरली. जुनीत निळा आणि हिरवा सारखे उतरले होते. नवीतला निळा मागे हटला होता, आणि वर एक मातकट पिवळेपणा बसला होता. दोन्ही एकाच खिडकीच्या उजेडात, एकाच फोटोत होत्या. आता फोटोला दोष देता येत नव्हता.

तोवर जुन्याच फोटोवरून मागवलेली नव्या मालातली सहा पार्सलं परत आली होती.

"प्रतिक्षा, फोटो परत बिघडायला लागले का गं?" ताई म्हणाल्या.

"बघते, ताई."

तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण कारखान्यात येऊन तिला पुरते चार महिनेही झाले नव्हते, आणि नाव शंकरप्पांचं होतं. खोलीत जाऊन ती स्क्रीनसमोर बसली. पिवळ्याचा स्लाइडर निळ्याकडे ओढला, हिरवा थोडा कमी केला, आणि अर्ध्या मिनिटात नवी चादर जुन्या मोरपंखीसारखी झाली. सुंदर दिसत होती. कुणालाच काही बोलावं लागलं नसतं. मग ते पार्सल कुठेतरी फोडलं जाईल आणि आतून ही दुसरीच चादर निघेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने केलेलं सगळं पुसून टाकलं आणि दोन्ही चादरी हातावर घेऊन खाली गेली.

शंकरप्पा ओसरीवर बसले होते. पलीकडे कारखान्यातल्या शिवबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या.

"मामा, यातली आधीची कुठली?"

शंकरप्पांनी दोन्ही चादरींवरून बोटं फिरवली. "ही. हिला पानी लागलंय. ही कोरी हाय."

"हाताने नाही मामा. रंगाने सांगा."

त्यांनी चादरी उन्हात धरल्या. बराच वेळ पाहिलं. "रंग एकच हाय. मोरपंखी."

"आणि ही पट्टी?"

"पांढरी."

प्रतिक्षाने खिशातला वहीचा कागद पट्टीला लावला. शंकरप्पांनी कागदाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. "पांढरीच की," ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता. चरख्याचा आवाज थांबला. शिवबाई इकडे बघत होत्या. चार माणसांत आपण या म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घेतली, हे प्रतिक्षाच्या तेव्हा लक्षात आलं.

"तुला म्हनायचंय काय?" शंकरप्पांनी विचारलं.

"मामा, डोळे एकदा दाखवून घ्या."

"चाळीस वर्सं ह्या डोळ्यांनी ह्या घराचा रंग केला. तू मला कागद दावून शिकिवतीस व्हय?"

त्यांनी आवाज चढवला नाही. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ती अंगणातून गेली की ते पाठ करून लड्या हलवत. पाचव्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत शंकरप्पा वर आले. या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. पांढऱ्या भिंतींकडे, पडद्याकडे पाहून ते स्टुलावर टेकले.

"ती तवाची दोन फोटो हायत का?"

प्रतिक्षाने लावले. त्यांनी तोंड स्क्रीनजवळ नेलं, मग लांब केलं.

"ह्यात फरक हाय म्हनतीस."

"हो."

"किती?"

किती ते कसं सांगायचं, तिला कळेना. मग तिने नीट केलेला फोटो घेतला आणि स्लाइडरवर बोट ठेवलं. "मी हळूहळू निळा करत नेते. बदललेला दिसला की सांगा."

तिने स्लाइडर सरकवला. पाच, दहा, पंधरा. शंकरप्पा गप्प. वीस. पडदा, भिंत, चादर, सगळ्यावर निळं पसरायला लागलं. तीस. चाळिसाला तिला स्वतःला बघवेना, चादर शाईत भिजल्यासारखी दिसत होती.

"आता जरा," शंकरप्पा म्हणाले. आणि स्क्रीन सोडून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "लई लांब गेला का काटा?"

"हो, मामा."

त्यांनी मान हलवली. मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत निळा साचलेला होता, कधीच न निघणारा.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "समोरनं गाडी आली की दिव्याभवती कडं दिसतंय. सायकल बंद केली. मला वाटलं डायच हलका याय लागलाय. मग वाटलं ऊनच तसं झालंय. वजनावर काम चालीवलं. मधी मधी शिवबाईला इचारायचो, कसा उतरलाय गं. ती म्हनायची, तुमी केला म्हनजे चांगलाच की."

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"ऑपरेशन सांगतील."

"त्याची भीती वाटते?"

"सुईची न्हाय वाटत. ह्या डोळ्यांवर हात बसलाय माजा. जसं दिसतंय तसं. उद्या दुसरंच दिसाय लागलं तर आतापतोरचं सगळं खोटं ठरंल की. मग मी कुटला रंगारी?"

प्रतिक्षाने राखाडी कार्ड उचलून त्यांच्या हातात दिलं. "हे नसतं तर मलाही कळलं नसतं, मामा. मी आठ दिवस कॅमेऱ्यालाच दोष देत होते."

त्यांनी ते कार्ड उलटसुलट केलं. "ह्यात काय हाय?"

"काही नाही. म्हणून तर उपयोगी."

त्याच दुपारी ते स्वतः राजेश्वरीताईंकडे गेले आणि प्रतिक्षालाही बरोबर नेलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मामा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तुमी घरी बसवलं आसतं, अक्का."

"कोण बसवतंय तुम्हाला?" ताई म्हणाल्या. मग त्या प्रतिक्षाकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"पाच दिवस झाले."

"आणि मी तुलाच फोटो बिघडले म्हणून बोलले."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पिकलेला, पिवळा. आधी उजवा करायचा, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी मोरपंखीची एक मोठी ऑर्डर होती आणि ती दुसऱ्या कुणाकडून रंगवून घ्यायला ताई तयार होत्या. शंकरप्पाच म्हणाले, "पोरीला खाली पाठवा. रंग मी करतो, बघंल ती."

तीन दिवस प्रतिक्षा रंगखान्यात होती. उन्हाळ्यातल्या मोरपंखीचा तुकडा, राखाडी कार्ड आणि नवी लडी एकत्र ठेवून ती फोटो काढायची, आणि दोन्ही रंगांचे आकडे स्क्रीनवर ताडून बघायची. पहिल्याच लडीला ती म्हणाली, "गडद झालाय मामा. खूपच."

"वली हाय ती."

"पण आकडे..."

"वाळू दे. वलं सूत खोटं बोलतंय."

ती लडी दोरीवर टाकून ते दोघं थांबले. सुकल्यावर रंग उघडला आणि तुकड्याच्या अगदी जवळ आला. निळा तेवढा थोडा कमी. तिने किती ते सांगितलं, त्यांनी बोटांनी तोलून डाय घातला, आणि दुसऱ्या वेळेला लडी आणि तुकडा एकमेकांत मिसळून गेले. एक जांभळी लडी मात्र तिच्या कॅमेऱ्यात काही केल्या निळीच यायची. कार्ड ठेवलं तरी. काही जांभळे कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, असं तिने कबूल केलं.

"म्हनजे त्येला बी मोतीबिंदू हाय," शंकरप्पा म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी प्रतिक्षा ताईंनी दिलेली फळं घेऊन त्यांच्या घरी गेली. शंकरप्पा काळा चष्मा कपाळावर सरकवून दारात खुर्चीवर बसले होते. एकदा उजवा डोळा हाताने झाकायचे, एकदा डावा. समोर दोरीवर त्यांच्या बायकोची, निंगव्वांची सुती साडी वाळत होती. तपकिरी, वांग्याच्या भाजलेल्या सालीसारखी.

"ये, बस," ते म्हणाले, पण नजर साडीवरून काढली नाही. "ही साडी मी रंगवली. गेल्या वर्सी. हिला जांभळी पायजे हुती."

निंगव्वा चहा घेऊन बाहेर आल्या.

"ही जांभळी न्हाय," शंकरप्पा त्यांना म्हणाले.

"न्हाय."

"तुला तवाच दिसलं हुतं?"

"दिसलं की."

"मग सांगायचं न्हाईस?"

निंगव्वांनी कप प्रतिक्षाच्या हातात दिला. "तुमी जांभळी म्हनून दिली. मी जांभळी म्हनून नेसले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. शंकरप्पांनी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. प्रतिक्षाने चहा संपवला आणि त्यांनी जा म्हणेपर्यंत ती बसून राहिली.

ते कामावर आले ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. रंगखान्यात गेलेच नाहीत. सरळ गोदामात जाऊन दोन वर्षांचा उरलेला माल त्यांनी खाली काढायला लावला आणि एकेक चादर उजव्या डोळ्याने बघितली. पुष्कळशा ठीक होत्या. अकरा बाजूला निघाल्या. मोरपंखी म्हणून केलेल्या सात, पांढऱ्याच्या जागी क्रीम पडलेल्या तीन, आणि एक, जिचा रंग नक्की कुठला करायचा होता ते त्यांनाही आठवेना. त्या सगळ्या माडीवर पोचवायला लावून ते मागोमाग वर आले.

"डाव्या डोळ्यानं अजून पयल्यासारखंच दिसतंय," ते प्रतिक्षाला म्हणाले. "उजव्यानं बघितलं की वाटतं, कुनीतरी काच पुसली. डाव्यानं बघितलं की परत तेच. पंधरा दिवस हेच करत बसलोय. डाव्यानं कसं दिसतंय ते निंगव्वाला सांगाय गेलो, सांगता येईना."

प्रतिक्षाने विचार केला. झाक काढायची ती रोज. घालायची कधी वेळ आली नव्हती.

"मामा, इकडं बसा. ही खरी मोरपंखी पलंगावर अंथरते. ती डाव्या डोळ्याने बघायची, उजवा झाकून. मग डावा झाकून उजव्याने स्क्रीन बघायची. स्क्रीनवरची चादर पलंगावरच्या डाव्या डोळ्यातल्या चादरीसारखी होईपर्यंत मला सांगत राहायचं."

त्याला अर्धा तास लागला. आधी तिने स्लाइडर पिवळ्याकडे नेला. शंकरप्पांनी डोळा बदलला, पाहिलं, "अजून," म्हणाले. तिने नेला. "अजून. तांबूस बी टाक जरा." तिने गुलाबीकडचा स्लाइडर सरकवला. "निळा अजून दिसतोय. डाव्याला तेवढा दिसत न्हाय." तिने निळा वेगळा धरून दाबला. "उजेड कमी कर. आता वर धूर धरल्यागत पायजे." तिने फोटोतली धार कमी केली, काळे रंग फिके केले. प्रत्येक वेळी ते हाताचा तळवा या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेत होते, घाई न करता, लडी उन्हात धरून बघावी तसे.

"थांब," ते म्हणाले. "हे. हेच."

स्क्रीनवर एक मळकट, चहा सांडल्यासारखी चादर होती. हिरवा होता, पण थकलेला. निळा जवळजवळ नव्हताच. पांढरी पट्टी जुन्या कागदासारखी झाली होती. प्रतिक्षाने शेजारी ती बिघडलेली मोरपंखी लावली आणि तिच्यावरही तेवढीच झाक घातली. दोन्ही फोटो एकसारखे झाले. तिने मोठे करून पाहिले. एकाला आधीची आणि एकाला नंतरची म्हणायला तिलाही जागा सापडेना.

"दोन्ही एकच आहेत, मामा," ती म्हणाली.

"मग. मी काय खोटं बोलत हुतो?"

"नाही."

शंकरप्पा स्क्रीनकडे बघत राहिले. "अक्कांना बोलीव."

राजेश्वरीताई वर आल्या. प्रतिक्षाने त्यांना आधी खरा फोटो दाखवला, मग त्यावर झाक घातलेला. हे काय आहे ते सांगितलं. ताईंनी दोन्ही पाहिले आणि पदराने चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"यातनं तुम्ही रंग करत होता?"

"व्हय."

"दोन वर्षं?"

"आधी कमी आसंल. हळूहळू आलं. उरल्या ह्या अकराच, अक्का. मी आज सगळ्या बघितल्या. अजून ज्या गेल्या त्या गेल्या."

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी अकरा चादरींतली वरची उचलली, उलगडली, परत घडी घातली. "अकराच," त्या म्हणाल्या. "एवढ्या धुरातनं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यांचं काय करायचं? परत रंगवता येतील?"

"विनलेलं परत रंगवलं तर पट्टीत उतरंल. न्हाय जमायचं."

"फोटोत मोरपंखी करता येतील," ताई म्हणाल्या. म्हणाल्या आणि स्वतःच मान हलवली. "नको."

"आहेत तशाच दाखवू," प्रतिक्षा म्हणाली. "फक्त मोरपंखी म्हणायचं नाही."

"तिला मोरपंखी म्हनूच नको," शंकरप्पा म्हणाले. त्यांनी बिघडलेली चादर खिडकीपाशी नेली, डावा डोळा झाकला आणि मान तिरकी करून बघत राहिले. पडद्यातून येणारा उजेड सुतावर पसरला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आपण केलेली चूक ते बघत होते, पण बघण्याची रीत नेहमीचीच होती, या रंगात काय काय आहे ते शोधणारी.

"शेवाळी," ते म्हणाले. "खालनं हिरवा, वर पिवळा. शेवाळी म्हन. आनि हे मुद्दाम केलेलं न्हाय, असं बी लिव."

"तसं लिहिलं तर कोण घेईल, मामा?"

"घेनारा घेईल. न घेनारा निदान परत तरी पाठवायचा न्हाय."

प्रतिक्षाने त्या दिवशी अकरा चादरींचे फोटो काढले. प्रत्येकीवर राखाडी कार्ड ठेवलं, स्लाइडर जिथे थांबायला हवे तिथेच थांबवले. शंकरप्पा स्टुलावर बसून होते आणि प्रत्येक फोटो चादरीशी ताडून बघत होते. तिसऱ्याला ते म्हणाले, "लाल जास्त झाला." प्रतिक्षाने बघितलं. खरंच झाला होता, केसाएवढा. तिच्या नजरेतून सुटला होता. तिने तो मागे घेतला.

सात शेवाळी चादरींतल्या पाच महिन्याभरात गेल्या. एकही परत आली नाही. सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाल्यावर शंकरप्पांच्या डाव्या डोळ्याची तारीख लागली. आदल्या दिवशी ते पुन्हा माडीवर आले आणि त्यांनी झाक घातलेला तो फोटो मागितला.

"मोबाइलवर पाठवू?" प्रतिक्षाने विचारलं.

"कागदावर काढून दे. घरी ठिवतो. उद्यापासनं मला बी तसं दिसायचं न्हाय."

तिने तो छापून दिला. शंकरप्पांनी डाव्या डोळ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, चौकोनी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून ते भिंतीला हात न लावता जिना उतरले.